रोज चालूनही वजन का उतरत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"डॉक्टर, रोज तासभर चालते हो मी. पाऊस असो, थंडी असो, खाडा नाही. आणि काटा बघा, तिथल्या तिथे." हे वाक्य माझ्या दवाखान्यात आठवड्यातून चार-पाच वेळा तरी कानावर येतं. म्हणणारी माणसं खोटं बोलत नसतात. पुण्यात तळजाईवर, हनुमान टेकडीवर पहाटे साडेपाचला त्यांना चालताना मी स्वतः बघते. दवाखान्यातल्या दहा मिनिटांत सगळं सांगून होत नाही, म्हणून त्यांचे नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे निवांत लिहिली आहेत.

रोज पाऊण-एक तास चालतो. सहा महिने झाले, वजन हलत नाही. माझं चुकतंय कुठे?

चालण्यात काही चुकत नाही. चालण्याने जळणाऱ्या कॅलरींचा आपला अंदाज मात्र फार मोठा असतो.

सपाट रस्त्यावर चालताना माणूस दर किलोमीटरला, स्वतःच्या वजनाच्या दर किलोमागे, साधारण अर्धी कॅलरी जादा खर्च करतो. जादा म्हणजे नुसतं बसून राहिला असता तर जेवढी गेली असती, तिच्यावर. ७० किलोचा माणूस ४ किलोमीटर चालला, तर सत्तर गुणिले चार, त्याच्या निम्मे, म्हणजे १४० कॅलरी. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. भागून बघा, ५५ दिवस येतात. एकही दिवस न चुकता चाललात आणि खाण्यात कणभरही वाढ झाली नाही, तर एक किलो उतरायला जवळजवळ दोन महिने.

आता ताटाच्या बाजूने बघा. दोन चमचे साखर घातलेला दुधाचा एक कप चहा आणि तीन ग्लुकोज बिस्किटं, झाल्या १४० कॅलरी. चालायला पाऊण तास लागला, हे संपायला पाच मिनिटंही लागत नाहीत. सहा महिन्यांत जे तीन किलो उतरायला हवे होते ते कुठे गेले, याचं उत्तर बहुतेकांच्या बाबतीत इथेच कुठेतरी सापडतं.

पण माझं घड्याळ तर रोज ३५० कॅलरी जळाल्या म्हणून दाखवतं!

बरीच घड्याळं आणि ॲप त्या तासाभराचा सगळा खर्च दाखवतात. त्यात तुम्ही झोपून राहिला असता तरी शरीराने श्वासासाठी, हृदयासाठी, मेंदूसाठी खर्च केल्याच असत्या अशा कॅलरीही येतात. शिवाय तो आकडा निव्वळ अंदाज असतो. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मनगटावर बांधायची सात यंत्रं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत सगळ्यात चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. पावलं मोजायला घड्याळ खुशाल वापरा. त्याने दाखवलेल्या कॅलरी बघून जेवण ठरवू नका.

वारीला जाणारे तर रोज पंधरा-वीस किलोमीटर चालतात. त्यांचं वजन उतरत असेल ना?

माझे वडील माउलींच्या पालखीबरोबर चालायचे. परत आले की चेहरा रापलेला, पोटऱ्या दगडासारख्या आणि वजन जवळपास तेच. लहानपणी मला याचं फार आश्चर्य वाटायचं. डॉक्टर झाल्यावर हिशेब करून बघितला.

आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर. ६० किलोचा वारकरी. तोच अर्ध्या कॅलरीचा नियम लावला, तर सगळ्या वाटचालीचा जादा खर्च येतो ७,५०० कॅलरी. म्हणजे जेमतेम एक किलो चरबी! दिवे घाटाची चढण, खांद्यावरची पताका, डोक्यावरचं तुळशीवृंदावन, चिखल हे सगळं धरलं तर आकडा थोडा वाढेल. पण वाटेवरची गावं वारकऱ्याला उपाशी पुढे जाऊ देत नाहीत. पिठलं-भाकरी, भात-आमटी, लाडू, चहा असं कुणी ना कुणी प्रेमाने हातात ठेवतच असतं. तो एक किलो तिथेच भरून निघतो.

वारी कुणी वजनासाठी करत नाही, आणि तिचं मोल काट्यावर ठरतही नाही. पण अडीचशे किलोमीटरला एक किलो, हे प्रमाण एकदा मनात बसलं की आपल्या रोजच्या चार किलोमीटरकडून काय अपेक्षा ठेवावी ते कळतं.

चालून आल्यावर जास्त भूक लागते का?

काहींना लागते, काहींना नाही. पण भूक न लागताही खाणं वाढतं, आणि ते लक्षात येत नाही. टेकडी उतरल्यावर गट थांबतो तिथे पोहे असतात, इडली-वडा असतो, उसाचा रस असतो. आठवड्यातून दोनदा कुणाचा तरी वाढदिवस निघतो. "आज एवढं चाललोय, एका वड्याने काय होतंय?" एका बटाटेवड्याने सकाळचं चालणं बहुतेक फिटतं, आणि सोबत पाव असेल तर उद्याचंही. मी हे गटातल्या गप्पांच्या विरोधात सांगत नाही. त्या गप्पांमुळे माणसं टिकून चालतात, एकटी पडत नाहीत. गप्पा राहू द्या, बशी बदला.

घरात मी एकच प्रश्न विचारते: महिन्याला तेल किती लागतं? चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोजचे चाळीस मिलिलिटरहून जास्त तेल झालं, म्हणजे सुमारे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर तेलात चांगला स्वयंपाक होतो. हा बदल करणाऱ्या घरात रोजच्या चालण्याइतक्याच कॅलरी वाचतात, आणि घरातल्या प्रत्येकाच्या वाचतात. फोडणीला तेल बाटलीतून ओतू नका, चमच्याने मोजून घाला. इतक्या साध्या गोष्टीने मी फरक पडलेला पाहिला आहे.

मध-लिंबूपाणी, भिजवलेले बदाम, मूठभर शेंगदाणे यांच्याबद्दलही विचारतात. वाईट काहीच नाही, पण त्यांच्याही कॅलरी मोजल्या जातात. शेंगदाण्याची ३० ग्रॅमची मूठ म्हणजे १७० कॅलरी. पौष्टिक म्हणून वरून खाल्लेलं वरचंच ठरतं. दुसरं काहीतरी काढून ते खाल्लं, तर उपयोग आहे.

सकाळी चालतो, मग दिवसभर बसून काम. त्याने काही फरक पडतो?

खूप पडतो. मला तर वाटतं, सगळ्यात कमी बोललं जाणारं कारण हेच आहे.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जास्त खायला दिल्या होत्या. १९९९ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. सगळ्यांना सारखंच जास्त खायला दिलं, पण कुणाची चरबी अर्ध्या किलोहूनही कमी वाढली, तर कुणाची चार किलोहून जास्त. हा फरक व्यायामाने पडलेला नव्हता. उठबस, उभं राहणं, चुळबुळ, घरात इकडून तिकडे जाणं अशा बारीकसारीक हालचाली ज्यांच्या आपोआप वाढल्या, त्यांच्या अंगावर चरबी कमी चढली.

याची उलटी बाजू माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये दिसते. सकाळचा तास झाला की मन निश्चिंत होतं. मग वाण्याकडचं सामान फोनवरून मागवलं जातं, पहिल्या मजल्यालाही लिफ्ट लागते, दुपारची झोप अर्ध्या तासाची दीड तास होते. सकाळी मिळवलेलं दिवसभरात हळूहळू निसटून जातं.

शरीरही स्वतःहून काटकसर करतं. टांझानियात हाडझा नावाचा शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणारा समाज आहे. त्यांचे पुरुष दिवसाला सरासरी ११ किलोमीटर चालतात. हर्मन पॉन्ट्झर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला. शरीराच्या आकाराचा हिशेब धरल्यावर तो अमेरिका-युरोपातल्या माणसांइतकाच निघाला. हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. हालचाल खूप वाढली की शरीर दुसऱ्या कुठल्या तरी कामातला खर्च आवरतं घेतं, असं पॉन्ट्झर यांचं म्हणणं आहे. चालणं दुप्पट केलं की वजन दुप्पट वेगाने उतरेल हा हिशेब त्यामुळे जुळत नाही.

दहा हजार पावलं पूर्ण करतो. तरी का नाही?

दहा हजार हा आकडा आला जपानमधून. टोकियो ऑलिंपिकनंतरच्या वर्षी, १९६५ मध्ये, तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याला 'मानपो-केई' असं नाव दिलं, म्हणजे दहा हजार पावलांचं मोजमाप. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि आकडा जगभर गेला. वजन कमी करायला इतकीच पावलं लागतात असं तेव्हा कुणी सिद्ध केलेलं नव्हतं.

अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. फायदा साडेसात हजारांपर्यंत वाढत गेला आणि मग स्थिरावला. साठी-सत्तरीतल्या काकू "माझी पाच हजारच होतात हो" म्हणून खजील होतात, तेव्हा मी त्यांना हे आवर्जून सांगते.

वेग किती हवा?

मिनिटाला साधारण १०० पावलं. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. फोनवर पाऊण तास निवांत बोलणं होत असेल, तर वेग कमी आहे. चढ मिळाला तर फारच उत्तम. पर्वतीच्या १०३ पायऱ्या दम लागेल इतक्या वेगाने दोनदा चढणं हे बागेतल्या रमतगमत दहा फेऱ्यांपेक्षा हृदयाला जास्त काम देतं.

काटा तिथेच आहे, पण ड्रेस सैल झालेत. हे कसं?

हा प्रश्न ऐकला की मला मनापासून आनंद होतो. टेप घ्या आणि कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप घट्ट न आवळता. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीची ८० च्या आत हवी.

आपल्यासाठी हे माप काट्यापेक्षा जास्त महत्त्वाचं का, हे पुण्यातल्याच एका उदाहरणावरून सांगते. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ आणि आतून चरबी जास्त, ही आपली भारतीय ठेवण. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ ला जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात.

चालण्याने पोटाच्या आतली, यकृताभोवतीची ही चरबी वजन फारसं न बदलताही कमी होऊ शकते. मधुमेहाच्या दृष्टीने घातक असते ती हीच. काट्याला ती वेगळी ओळखता येत नाही. टेपवर मात्र फरक दिसतो.

पहिल्या दोन महिन्यांत तीन किलो उतरले, मग थांबलं. आता काहीच होत नाही.

पहिल्या किलोंमध्ये पाणीही बरंच असतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी केलं की ही साखर वापरली जाते, तिच्यासोबतचं पाणी जातं आणि काटा झपाट्याने खाली येतो. पुढचं चरबीचं काम सावकाश चालतं. शिवाय हलकं झालेलं शरीर तेच अंतर कमी कॅलरींत चालतं.

इथे नुसतं अंतर वाढवत नेण्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम जोडा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, घरच्या घरी एवढं पुरतं. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि चाळिशीनंतर ते परत मिळवणं कठीण जातं. प्रथिनंही बघा. वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं प्रमाण आहे. पातळ आमटीच्या एका वाटीवर ते भागत नाही. उसळ, डाळ, दही, पनीर, अंडी, मासे यांतलं काहीतरी दोन्ही वेळच्या जेवणात हवं.

झोपेचंही इथेच सांगते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दहा जणांना सारखाच कमी आहार दिला होता. साडेपाच तास झोपताना आणि साडेआठ तास झोपताना वजन जवळपास सारखंच उतरलं, पण कमी झोपेत त्यातला चरबीचा वाटा निम्म्याहूनही खाली आला. पहाटे पाचला उठून चालायचं आणि रात्री बारापर्यंत मालिका बघायच्या, हे दोन्ही एकत्र चालत नाही.

उपाशीपोटी चालावं की जेवल्यावर?

वजनासाठी फारसा फरक नाही. उपाशीपोटी चालताना चरबी थोडी जास्त वापरली जाते, पण दिवसभराच्या हिशेबात ते भरून निघतं. रक्तातल्या साखरेसाठी मात्र जेवणानंतरचं चालणं सरस आहे. आपली शतपावली मला फार आवडते. फक्त ती शंभर पावलांवर थांबवू नका, पंधरा मिनिटं करा. २०१३ साली साठीच्या पुढच्या, साखर वाढण्याचा धोका असलेल्या लोकांवर झालेल्या अभ्यासात तिन्ही जेवणांनंतरचं पंधरा-पंधरा मिनिटांचं चालणं दिवसभराची साखर आटोक्यात ठेवायला उपयोगी पडलं. रात्रीच्या जेवणानंतरच्या साखरेवर ते सकाळच्या सलग पाऊण तासापेक्षा जास्त परिणामकारक ठरलं.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर उपाशीपोटी लांब चालायला जाऊ नका. साखर एकदम खाली येऊ शकते. खिशात खडीसाखर ठेवा.

थायरॉइडमुळे वजन उतरत नाही का? गोळ्यांमुळे?

थायरॉइड कमी असेल तर वजन वाढतं, पण सहसा दोन ते पाच किलो, आणि त्यातलं बरंचसं पाणी आणि क्षार. गोळी सुरू होऊन तपासणी नीट आल्यावरही पंधरा किलो जास्त असतील, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. काही औषधांनी मात्र वजन नक्की वाढतं: इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, स्टिरॉइड, मनोविकारावरची आणि फिटची काही औषधं, नसांच्या दुखण्यासाठीचं प्रिगॅबालिन. कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना विचारा, पर्याय बऱ्याचदा असतो. मुलींमध्ये पाळी अनियमित आणि वजन चढतं असेल, तर पीसीओएसची, म्हणजे बीजकोशांच्या संप्रेरकांतल्या बिघाडाची, तपासणी करून घ्या.

वजन उतरतच नसेल, तर चालणं सोडून द्यावं का?

नाही. हे पान मुळात या एका प्रश्नासाठी लिहिलं आहे.

बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे येतात. दोन वर्षं रोज चालले, वजन ८१ चं ८० झालं. कंटाळून सोडलं. चार महिन्यांनी आले तेव्हा उपाशीपोटीची साखर ११८ वरून १४६ वर गेली होती आणि रक्तदाबाची गोळी वाढवावी लागली. त्या दोन वर्षांत चालण्याने काय सांभाळून धरलं होतं, ते काट्याने त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. आता ते पुन्हा चालतात. वजन ७९ आहे.

१९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. वाहक बारीक असतील म्हणून असं झालं का, हे तपासायला मॉरिस यांनी गणवेशाच्या विजारींची मापं मिळवली. वाहक थोडे बारीक होते खरे, पण सडपातळ, मध्यम, जाडजूड अशा सगळ्या मापांत वाहकांना धोका कमीच दिसला. वजनाच्या पलीकडे हालचालीचा स्वतःचा गुण असतो, तो असा.

आणि एकदा उतरलेलं वजन टिकवायला मात्र चालणं फार कामाचं आहे. वजन बरंच कमी करून ते वर्षानुवर्षं टिकवलेल्या हजारो लोकांची नोंद अमेरिकेत १९९४ पासून ठेवली जाते. त्यातले दहापैकी नऊ जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, आणि बहुतेकांचा व्यायाम चालण्याचा असतो. उतरवायचं काम मुख्यतः ताटाकडे, परत चढू न देण्याचं पायांकडे, अशी विभागणी मी रुग्णांना करून देते.

मग आठवड्याला किती चालू?

तब्येतीसाठी किमान १५० मिनिटं. वजनावर दिसेल असा परिणाम हवा असेल, तर २५० मिनिटांच्या वर, आणि सोबत खाण्यात बदल. एकदम नको, दर आठवड्याला पाच-दहा मिनिटं वाढवा.

वजन कधी करावं?

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. रोज केलं तर किलो-दीड किलोची चढउतार दिसते आणि जीव उगाच खालीवर होतो. आदल्या रात्रीचं लोणचं-पापडसुद्धा काट्यावर दिसतं. कंबर महिन्यातून एकदा मोजा आणि दोन्ही आकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

गुडघे दुखतात, तरी चालू का?

सपाट जागी, चांगले बूट घालून, दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून चाला. पायऱ्या आणि डांबरी उतार तूर्त टाळा. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं किंवा गुडघ्याला सूज आली, तर दाखवायला या. चालताना छातीत दडपण आलं, डावा हात किंवा जबडा भरून आला, नेहमीच्या चढाला अचानक जास्त दम लागला, तर तिथेच थांबा, बसा, आणि कुणाला तरी सोबत घेऊन थेट रुग्णालयात जा.